हिरवागार पालक आणि कान्हकाठची माती

संक्रांतीच्या सुमारास इंदूरजवळ सांवेरच्या बाजूला गेले होते. तिथे कान्ह नदीला लागून एका ओळखीच्या शेतकऱ्याचं भाजीचं रान आहे. आम्ही त्यांना भैयाजी म्हणतो. त्यांनी विळ्यानं पालकाची एक जुडी कापली आणि माझ्या हातात ठेवली. पानं तळहाताएवढी, जाड, काळपट हिरवी. "देखो दीदी, ऐसी पालक बोरिंग के पानी में कभी नहीं आती." बोलणं खोटं नव्हतं. रानाच्या वरच्या अंगाला बोरच्या पाण्यावरचे चार वाफे होते, तिथला पालक याच्यापुढे अगदी किरकोळ वाटत होता.

घरी आल्यावर जुडी सोडून परातीत टाकली. पहिलं पाणी गढूळ झालं आणि तळाशी बोटाला लागेल एवढा काळा गाळ बसला. दुसऱ्या पाण्यात थोडा, तिसऱ्यात नाहीच. पानं लख्ख झाली. तरी ती चिरायला हात धजावेना. माझी सगळी नोकरी माती तपासण्यात गेली आहे. धुण्यानं काय जातं आणि काय जात नाही, हे मला ठाऊक होतं.

आपल्या इंदूरच्या मराठी घरांत थंडीभर पालक, मेथी, मुळा, चुका यांची चंगळ असते. या भाज्या बऱ्याचदा शहराच्या आसपासच्या रानांतूनच येतात, आणि त्यांतली काही रानं वर्षानुवर्षं नदीच्या म्हणजे शहराच्या सांडपाण्यावर पिकत आली आहेत. अशा मातीतल्या जड धातूंशी भाजीचं झाड कसं झुंजतं, त्याला मदत कशी करायची आणि ती मदत करताना कुठे फसगत होते, ते इथे सांगते आहे.

आधी त्या हिरवेपणाचा उलगडा करते. सांडपाण्यात नत्र आणि स्फुरद भरपूर असतं. शेतकऱ्याला ते फुकटचं खत. पालकाला नत्र मिळालं की पान मोठं होतं, रंग गडद होतो. म्हणजे तो रंग नत्राची साक्ष देतो, कॅडमियमसारख्या विषारी धातूबद्दल तो एक अक्षर बोलत नाही. झाड टवटवीत दिसणं आणि त्याचं पान खायला सुरक्षित असणं या दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत. या लेखातला प्रत्येक उपाय मी याच एका प्रश्नावर घासून बघणार आहे: यानं धातू पानाबाहेर राहतो, की झाड फक्त धातू सोसायला शिकतं?

जातच नाही, ही खरी अडचण

जड धातू म्हणजे कॅडमियम, शिसं, क्रोमियम, निकेल, पारा वगैरे. आर्सेनिक काटेकोर अर्थानं धातू नाही, पण त्यालाही याच रांगेत बसवतात. जस्त आणि तांबं झाडाला थोडं लागतंच, जास्त झालं की तेही विष. हे येतात मुलामा देण्याच्या कारखान्यांतून, बॅटऱ्यांतून, रंगांतून, चामडं कमावण्याच्या पाण्यातून. शिशाचं पेट्रोल देशात २००० साली बंद झालं, पण तोवर गाड्यांच्या धुरातून रस्त्याकडेच्या मातीत उतरलेलं शिसं अजून तिथेच आहे. मैला, साबण, तेल हे सगळं जिवाणू खाऊन टाकतात. कीटकनाशकंही बहुतेक कधी ना कधी तुटतात. धातू म्हणजे मूलद्रव्य, त्याचे आणखी तुकडे होऊन ते संपत नाही. मातीत पडलं की पडलं.

गेल्या काही वर्षांत शहरातले नाले नदीत पडण्याआधी अडवले गेले, शुद्धीकरण केंद्रं वाढली, २०२१ साली इंदूरला 'वॉटर प्लस'चा दर्जा मिळाला. नदीचा वास कमी झाला हे नाकावरूनही कळतं, आणि त्याचं मला मनापासून कौतुक आहे. पण पाणी सुधारलं म्हणून त्याआधीची वीस-तीस वर्षं जे मातीत मुरलं ते परत जात नाही. शुद्धीकरण केंद्रात बराचसा धातू गाळात बसतो, म्हणून तो वाळवलेला गाळ 'खत आहे' म्हणून कोणी ट्रॉलीभर आणून टाकू लागलं, तर तपासल्याशिवाय घेऊ नये.

साठत कसं जातं त्याचा एक हिशेब मांडून बघू. सिंचनाच्या पाण्यात कॅडमियम लिटरला ०.०१ मिलिग्रॅमपेक्षा जास्त नसावं, असं संयुक्त राष्ट्रांच्या अन्न आणि कृषी संघटनेचं मार्गदर्शन आहे. समजा पाणी अगदी या मर्यादेवर आहे. भाजीच्या एका हेक्टरला वर्षाकाठी एक कोटी लिटर पाणी दिलं, तर त्यातून १०० ग्रॅम कॅडमियम आलं. वरच्या १५ सेंटिमीटर थरात हेक्टरी साधारण २० लाख किलो माती असते. म्हणजे किलोमागे दरवर्षी ०.०५ मिलिग्रॅमची भर. वीस वर्षांत १ मिलिग्रॅम. ज्या मातीत निसर्गतः कॅडमियम एक मिलिग्रॅमच्या बरंच खाली असतं, तिच्यासाठी ही भर मोठी आहे, आणि तीही 'चालेल' अशा पाण्यानं. पिकाबरोबर किती बाहेर गेलं? पालकासारख्या पालेभाजीत ताज्या वजनावर किलोला ०.२ मिलिग्रॅम कॅडमियम ही कोडेक्सची, म्हणजे आंतरराष्ट्रीय अन्नमानकांची, मर्यादा आहे. त्या मर्यादेला टेकलेला ४० टन पालक कापून नेला तरी ८ ग्रॅम गेलं. शंभर आलं, आठ गेलं.

झाड फसतं कुठे

कॅडमियम झाडाच्या काहीच कामाचं नाही. मग मूळ ते आत घेतंच का? मुळाच्या पेशीवर जस्त, लोह, मँगनीज, कॅल्शियम आत घ्यायला प्रथिनांची दारं असतात. ही दारं आलेल्याचा आकार आणि विद्युतभार बघतात, नाव विचारत नाहीत. कॅडमियम आणि जस्त आवर्तसारणीत एकाच उभ्या ओळीत, स्वभावानं भावंडं. त्यामुळे जस्ताच्या आणि लोहाच्या दारातून कॅडमियम सहज आत येतं. आर्सेनिक स्फुरदाच्या दारातून येतं, क्रोमेट गंधकाच्या. यातली लक्षात ठेवायची गोष्ट अशी की मातीत जस्त कमी असेल तर झाड जस्ताची आणखी दारं उघडतं, आणि गर्दीत कॅडमियमचं फावतं.

आत आल्यावर कॅडमियम जस्ताच्या जागी जाऊन बसतं. ज्या विकरांना (एन्झाइमांना) जस्त हवं असतं ती बंद पडतात. मुळाची टोकं आखडतात, तपकिरी पडतात, बारीक केसाळ मुळं कमी होतात. मग झाड पाणी पुरेसं ओढत नाही, नव्या पानांच्या शिरांमधला भाग पिवळा पडतो. शेतकऱ्याला वाटतं लोह कमी पडलं. पेशीत ऑक्सिजनचे उपद्रवी रेणू तयार होतात, ते पेशीचं पटल आणि हरितद्रव्य पोखरतात. यालाच शास्त्रीय भाषेत धातूचा ताण म्हणतात.

झाड मात्र मुकाट्यानं मार खात बसत नाही. त्याचा बचाव बघताना मला अजूनही नवल वाटतं. पहिली फळी मुळाच्या पेशीभित्तीची. तिथलं पेक्टिन धातू धरून ठेवतं, शिसं तर बहुतेक तिथेच अडकतं. दुसरी फळी पेशीच्या आत. ग्लुटाथायोन नावाचा गंधकयुक्त छोटा रेणू असतो, झाड त्याच्या कड्या एकाला एक जोडून साखळी विणतं. तिला फायटोकेलॅटिन म्हणतात. जर्मनीतल्या शास्त्रज्ञांनी १९८५ साली ती पहिल्यांदा ओळखली. साखळीतलं गंधक कॅडमियमला खेकड्यासारखं पकडतं, आणि ती जोडी पेशीतल्या रिक्तिकेत, म्हणजे पाण्यानं भरलेल्या मोठ्या पिशवीत, कोंडली जाते. तिसरी फळी कॅटालेज, पेरॉक्सिडेज अशा विकरांची. ती उपद्रवी ऑक्सिजनला निकामी करतात.

आता एक क्षण थांबून बघा. रिक्तिकेत कोंडलेलं कॅडमियम झाडाला त्रास देत नाही. झाड वाढतं, पान हिरवं राहतं. पण ती रिक्तिका मुळातली असेल तर ठीक. पानातली असेल तर ते पान आपल्या ताटात येणार आहे. झाडाचा बचाव पूर्ण यशस्वी झाला, आणि नेमकं त्यामुळेच धातू आपल्यापर्यंत पोचला. जस्त किंवा तांबं जास्त असलं की पीक निदान खुरटतं, कुठेतरी संशय येतो. कॅडमियममध्ये पालकाला काही होण्याआधीच पान माणसासाठी मर्यादेबाहेर गेलेलं असू शकतं.

माणसात काय होतं? जपानमध्ये तोयामा भागात जिंझू नदीच्या पाण्यावर भात पिकायचा, आणि नदीत वरच्या खाणीतलं कॅडमियम उतरायचं. तिथल्या बायकांची मूत्रपिंडं गेली, हाडं इतकी ठिसूळ झाली की कण्हतानाच्या 'इताई, इताई', म्हणजे 'दुखतंय, दुखतंय', या शब्दांवरूनच आजाराला नाव पडलं. १९६८ साली तिथल्या सरकारनं तो प्रदूषणाचा आजार मानला. इंदुरात तसं काही झालंय असं मी अजिबात म्हणत नाही, तिथली मात्रा फार मोठी होती. पण कॅडमियम एकदा मूत्रपिंडात बसलं की निम्मं व्हायलाच दहा ते तीस वर्षं घेतं, हे सगळीकडे सारखंच. शरीरात लोह कमी असेल तर आतडंही मुळासारखंच वागतं, लोहाच्या दारातून जास्त कॅडमियम आत घेतं. २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांच्या रक्तात हिमोग्लोबिन कमी आढळलं. आणि आपणच पोरीबाळींना सांगतो, लोह कमी आहे ना, पालक खा. म्हणून तो पालक कुठल्या मातीतला, हे मला इतकं महत्त्वाचं वाटतं.

माळव्याची माती आपल्या बाजूनं आहे

इथे एक चांगली बातमी आहे. मातीत एकूण धातू किती, यापेक्षा त्यातला मुळाला मिळेल असा किती, हे महत्त्वाचं. आम्लधर्मी, रेताड मातीत धातू पाण्यात सुटा फिरतो. आपली काळी माती चिकण आहे, तिच्या पापुद्र्यांवर ऋण भार असतो, आणि धन भाराचे धातू त्याला चिकटून राहतात. शिवाय तिचा सामू (पीएच) बहुधा ७.५ ते ८.५ च्या दरम्यान, त्यामुळेही कॅडमियम, शिसं, निकेल जखडलेलं राहतं. नांगरताना पायाला टोचणारे चुनखडीचे पांढरे खडे ही त्याचीच खूण.

म्हणूनच बाहेरचा सल्ला जसाच्या तसा इथे लागू करू नये. 'धातूवर उपाय चुना' असं सरसकट सांगितलं जातं. केरळच्या किंवा कोकणच्या आम्ल मातीत ते बरोबर आहे. माळव्याच्या काळ्या मातीत चुना टाकणं म्हणजे पैसे मातीत घालणं, वर लोह आणि जस्ताची टंचाई वाढवून घेणं. टंचाई वाढली की काय होतं ते वर सांगितलंच आहे.

काळ्या मातीचा एक दोषही आहे. एप्रिल-मेमध्ये ती भेगाळते, भेगेत आख्खा हात जाईल इतकी. अशा रानात पहिलं मोकाट पाणी दिलं की ते गाळासकट खाली उतरतं, आणि दूषित माती वरच्या वीतभर थरापुरती राहत नाही. खारट पाणी हा दुसरा धोका. पाण्यात क्लोराइड जास्त असलं की ते कॅडमियमला बिलगून मातीच्या पकडीतून सोडवतं आणि मुळापर्यंत नेतं. बोरचं पाणी स्वच्छ दिसलं तरी खारं असेल, तर ते आधी तपासावं.

मदतीत माझ्या मते पहिला मान जस्ताचा. मध्य प्रदेशाच्या मातीत जस्ताची कमतरता सर्रास आढळते. ती तपासणीत दिसली तर हेक्टरी २५ किलो झिंक सल्फेट ही नेहमीची मात्रा द्यावी. दारात जस्ताची गर्दी झाली की कॅडमियम मागे पडतं. हा उपाय पहिल्या बाजूचा, धातू बाहेर ठेवणारा. पण कारखान्याच्या पाण्यानं मातीत आधीच जस्त साठलं असेल तर वर आणखी टाकणं उलटं पडेल. म्हणून आधी तपासणी, मग पोतं.

दुसरा मान कंपोस्टचा, आणि इथे इंदूरकरानं थोडी मान ताठ करावी असा इतिहास आहे. १९२४ साली होळकर दरबारानं दिलेल्या जमिनीवर इथे वनस्पती उद्योग संस्था सुरू झाली. तिथे इंग्रज शेतीशास्त्रज्ञ सर अल्बर्ट हॉवर्ड आणि त्यांचे सहकारी यशवंत वाड यांनी काडीकचरा, शेण, मूत्रमाती, राख यांचे थर रचून, ठरावीक दिवसांनी ढीग उलटून कंपोस्ट करण्याची रीत बसवली. १९३१ साली दोघांच्या नावानं ती पुस्तकरूपानं आली आणि जगभर 'इंदूर पद्धत' म्हणून ओळखली गेली. आजचं आपलं कृषी महाविद्यालय त्याच जागेवर आहे. वाडांचं नाव मात्र इथल्या मराठी घरांतही फारसं कुणाला माहीत नसतं, याची मला खंत वाटते.

चांगल्या कुजलेल्या कंपोस्टमधला ह्यूमस धातूला धरून ठेवतो. क्रोमियमच्या बाबतीत तर सेंद्रिय पदार्थ आणखी एक काम करतो: विषारी, पाण्यात सहज विरघळणाऱ्या सहा भाराच्या क्रोमियमला तो तीन भाराच्या, कमी घातक आणि न विरघळणाऱ्या रूपात आणतो. पण दोन गोष्टी सांभाळाव्या. कच्चं, अर्धवट कुजलेलं शेणखत टाकलं तर त्यातले विरघळणारे सेंद्रिय रेणू तांब्या-शिशाला उलट सोबत घेऊन फिरतात. आणि कंपोस्ट कायमचं टिकत नाही. आपल्या उन्हात ते भराभर जळतं, म्हणून दरवर्षी घालावं लागतं. शहरी कचऱ्याचं कंपोस्ट घेणार असाल तर खत नियंत्रण आदेशात त्यासाठी किलोला कॅडमियम ५ आणि शिसं १०० मिलिग्रॅम अशी कमाल मर्यादा आहे, पोत्यासोबतचा तपासणी अहवाल मागून घ्यावा. ओला-सुका कचरा घरातच वेगळा करण्याची जी सवय या शहराला लागली, तिचा फायदा इथे होतो. बॅटरीचा सेल ओल्या कचऱ्यात गेलाच नाही तर तो कंपोस्टमध्येही येणार नाही.

बायोचार, म्हणजे कमी हवेत भाजलेला काड्यांचा कोळसा, हाही धातू धरतो आणि कंपोस्टपेक्षा कितीतरी जास्त टिकतो. हेक्टरी पाच-दहा टन लागतो, त्यामुळे मोठ्या रानाला तो महाग पडतो. गच्चीवरच्या कुंड्यांना आणि परसातल्या वाफ्यांना परवडतो. आर्सेनिक असलेल्या मातीत मात्र तो जपून, तिथे सामू वाढला की आर्सेनिक सुटतं.

मुळांवर राहणारी मायकोरायझा बुरशी धातू स्वतःच्या धाग्यांत अडकवते आणि झाडाला स्फुरद पुरवते. काम चांगलं, पण प्रत्येक मातीत सारखं नाही. कांदा, मिरची, वांगं यांच्या रोपांना लावणीच्या वेळी द्यावी. पालक आणि कोबी-मुळ्याच्या कुळांना तिचा उपयोग जवळजवळ नाही, कारण ती झाडं या बुरशीशी जोडीच करत नाहीत. दुकानदार हे सांगत नाही.

आता फवाऱ्यांकडे. सॅलिसिलिक आम्ल, सिलिकॉन, मेलाटोनिन, समुद्री शेवाळाचा अर्क, अमिनो आम्लं, 'ताण कमी करणारं औषध' म्हणून बाटल्या मिळतात. प्रयोगशाळेत आणि कुंड्यांत यांचे चांगले परिणाम दिसतात, ते खोटे नाहीत. हरितद्रव्य टिकतं, विकरं वाढतात, उत्पादन सुधारतं. सिलिकॉननं काही पिकांत धातू मुळातच अडतो, असंही दिसलं आहे. पण यातल्या बहुतेकांचं काम झाडाला सोसायला शिकवणं हे आहे. भैयाजींसारख्या शेतकऱ्याचा पालक आधीच हिरवागार आहे, त्याला आणखी सोसायला शिकवून खाणाऱ्याचं काय भलं होणार? माझं स्पष्ट मत: पालेभाजीवर असा फवारा मारायचा असेल, तर त्यानंतरच्या पानात कॅडमियम किती उतरलं, याचा आकडा हातात असल्याशिवाय मारू नये.

सगळ्यांत स्वस्त आणि खात्रीचा उपाय पीक बदलण्याचा. धातू मुळातून वर चढतो तो जलवाहिनीतून, पाण्यासोबत. पाणी उडतं पानांतून, म्हणून धातूही पानांत उतरतो. फळाला अन्न मिळतं ते मुख्यतः रसवाहिनीतून, तिथवर कॅडमियम कमी पोचतं. म्हणून एकाच मातीत पालक, मेथी, चुका, माठ यांच्यात सगळ्यात जास्त. मुळा, गाजर, बीट मधले. गिलकी (पुण्याकडे हिला घोसाळं म्हणतात), दुधी, भेंडी, टोमॅटो यांच्यात कमी. वाटाणा, गवार, चवळी यांच्या शेंगांत बहुधा सगळ्यांत कमी. एक गोष्ट इथे तोलून घ्यावी लागते: कोडेक्सची मर्यादा फळभाज्यांसाठी पालेभाज्यांहून कडक, किलोला ०.०५ मिलिग्रॅम आहे. तरी पानापेक्षा फळ बरं, हे बहुतेक वेळा खरं ठरतं. वांग्यात जपानी संशोधकांनी एक सुरेख गोष्ट दाखवली आहे: सोलॅनम टोर्व्हम या रानवांग्याच्या खुंटावर कलम केलं की फळातलं कॅडमियम निम्म्याहून खाली येतं, कारण तो खुंट धातू वर सोडतच नाही. अशी कलमी रोपं आता आपल्याकडेही रोपवाटिकांतून मिळतात, लोक ती मर रोगासाठी घेतात.

फारच बिघडलेली माती असेल तर तिथे झेंडू लावावा. उज्जैन आणि इंदूर मिळून फुलांना गिऱ्हाइक कधी कमी पडत नाही. मोहरीनं माती स्वच्छ करण्याची गोष्ट मोठी आकर्षक वाटते, पण तिचाही हिशेब बघा. मातीत किलोला १ मिलिग्रॅम कॅडमियम म्हणजे वरच्या थरात हेक्टरी २ किलो. मोहरीच्या १० टन वाळलेल्या झाडोऱ्यात किलोला ५ मिलिग्रॅम धरलं, तर एका पिकात ५० ग्रॅम निघालं. दोन किलोला चाळीस पिकं. आणि तो झाडोरा गुरांना घालता येत नाही, कंपोस्टातही टाकता येत नाही.

स्वयंपाकघरात काय करता येतं? परातीत बसलेला तो काळा गाळ खरंच काढण्यासारखा होता. पालेभाजीवरचं शिसं बरंचसं धुळीतून आणि मातीच्या शिंतोड्यांतून बसतं, वाहत्या पाण्यात तीनदा धुतलं की ते उतरतं. मुळा-गाजर सोलून घ्यावं. पेशीत बसलेलं कॅडमियम मात्र धुऊन जात नाही, मिठाच्या पाण्यानंही नाही, व्हिनेगरनंही नाही. जेवणात लोह आणि कॅल्शियम पुरेसं असलं की आतडं धातू कमी घेतं. आणि पालक नेहमी एकाच ठेल्यावरून घेण्यापेक्षा आठवडाभरात भाज्या आणि विक्रेते दोन्ही बदलावेत.

राहिली तपासणी. सरकारी मृदा आरोग्य पत्रिकेत बारा गोष्टी असतात: नत्र, स्फुरद, पालाश, गंधक, जस्त, लोह, तांबं, मँगनीज, बोरॉन, सामू, क्षारता, सेंद्रिय कर्ब. कॅडमियम, शिसं, क्रोमियम त्यात नाही. ते वेगळं सांगून, अणुशोषण यंत्र असलेल्या प्रयोगशाळेत करून घ्यावं लागतं, आणि एकूण धातूसोबत डीटीपीए पद्धतीनं मुळाला मिळणारा भागही मागावा.

नमुना घेताना बहुतेक लोक एका जागी चुकतात. मी भैयाजींच्या रानात दुसऱ्या दिवशी परत गेले, तेव्हा त्यांनी मदतीला म्हणून घरची पत्र्याची बादली आणली. चकचकीत, नवी. तिच्यावर जस्ताचा मुलामा असतो, तो नमुन्यात उतरला की जस्ताचा आकडा वाया. मी प्लास्टिकचं टब आणि स्टेनलेस स्टीलची खुरपी नेली होती. वरचा पाला बाजूला सारून व्ही आकाराचा खड्डा केला, वीतभर खोल, त्याच्या कडेची बोटभर जाड माती वरपासून खालपर्यंत तासून घेतली. नदीकडच्या वाफ्यांतून असे दहा खड्डे, बोरकडच्या वाफ्यांतून वेगळे दहा. पाण्याचा दांड, बांध आणि खताच्या ढिगाजवळची जागा सोडून. मग माती एकत्र करून गोल पसरली, चार भाग केले, समोरासमोरचे दोन टाकून दिले, पुन्हा पसरली, पुन्हा चार भाग, अर्धा किलो उरेपर्यंत. भैयाजींनी विचारलं, इतकी फेकायचीच होती तर इतकी खणली कशाला? अर्ध्या किलोत अख्खं रान यावं म्हणून, असं मी सांगितलं, तेव्हा त्यांनी पुढचे चार भाग स्वतःच्या हातानं केले.

पाण्याबद्दलही बोललो. बोर फेब्रुवारीनंतर दमतं, ही त्यांची खरी अडचण. 'डग डग रोटी, पग पग नीर' म्हणणाऱ्या माळव्यात आता कित्येक बोर उन्हाळ्यात कोरडे पडतात, तेव्हा नदीचं पाणी सोडा असं सांगणं मला सोपं आहे, त्यांना नाही. ठरलं ते असं: बोरचं जेवढं पाणी आहे ते सगळं पालेभाजीला. नदीचं पाणी लागलंच तर आधी खड्ड्यात दोन-तीन दिवस साठवायचं, धातूचा मोठा भाग बारीक गाळाला चिकटून खाली बसतो, मग वरचं निवळ पाणी पाइपानं थेट बुंध्याशी द्यायचं. तळचा गाळ रानात पसरायचा नाही. भैयाजी तो गाळ आजवर पसरायचेच, सुपीक म्हणून.

दोन नमुने सध्या माझ्या गॅलरीत सावलीला, पांढऱ्या कागदावर वाळत पडले आहेत. छापील रद्दीवर नाही, शाईचा संशय नको म्हणून. एका कागदावर 'नदी' लिहिलंय, दुसऱ्यावर 'बोर'. ढेकळं लाकडी लाटण्यानं फोडून, नायलॉनच्या चाळणीतून चाळून सोमवारी प्रयोगशाळेत द्यायचे आहेत. परवा भैयाजींचा फोन आला होता, रिपोर्ट येईपर्यंत नदीकडचे वाफे रिकामे ठेवू का म्हणून. मी म्हटलं, गिलकी लावा. त्यांनी मांडवाचे बांबू आणून टाकले आहेत.